पाळी गेल्यावरची हार्मोन थेरपी आणि ब्रेस्ट कॅन्सर - घेऊ का नको? (मोठं झालंय, सॉरी)

चाफा_दारचा

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ४९, नाशिक. पाळी जाऊन १४ महिने झाले. आधी वाटलं सुटले बाई एकदाची. आणि मग सुरू झालं ते. रात्री तीन-सव्वातीनला छातीतून काहीतरी वर चढत जातं, भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यावर तोंडावर वाफ येते ना तसं, मान कान डोकं सगळं पेटतं, दोन मिनिटांत गाऊन ओला आणि लगेच हुडहुडी. शेजारी नवरा रजई घेऊन घोरतोय. गेला महिनाभर मी रोज रात्री स्वयंपाकघरात जाते आणि फ्रीजचं दार उघडून नुसती समोर उभी राहते. परवा मुलगा पाणी प्यायला उठला तर म्हणाला, आई तू फ्रीजशी बोलतेयस का.

हसण्यावारी नेलं असतं पण मी बँकेत कॅशला बसते. झोप नाही त्यामुळे आकडे चुकायला लागलेत. मागच्या आठवड्यात कॅश टॅली होईना, साडेसात वाजले, शेवटी पाचशेच्या एका बंडलात दोन नोटा जास्त दिल्या होत्या हे सापडलं आणि मी चक्क मॅनेजरसमोर रडले. २३ वर्षांत पहिल्यांदा.

गायनॅकने इस्ट्रोजेनचं जेल आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल लिहून दिलीय. पण माझ्या मावशीला ६१व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला होता (आता ७२, ठणठणीत, भिशी चालवते). ते सांगितलं तर म्हणाल्या आधी मॅमोग्राफी करा. केली, नॉर्मल आली. तरी जाऊबाई म्हणतात अगं त्या हार्मोनने कॅन्सर होतो, सगळ्यांना माहितीये. आणि खोक्यातला तो कागद उघडला तर हातभर लांब, मुंगीएवढी अक्षरं, त्यात ब्रेस्ट कॅन्सर हा शब्द मी पेनाने गोल करून मोजला, नंतर मोजणं सोडलं.

तीन आठवडे झाले, खोकं फ्रीजच्या दारात लोण्याशेजारी पडून आहे. कुणी घेतलंय का? खरं काय आहे?

दुपारची_झोप

अगदी अगदी! माझं सेम. मी ५१. लोक म्हणतात एसी लावा, अहो आग आतून आहे. घेतलं नाही काही, घाबरले. वाचतेय.

वैद्य_नसलेला

ताई, पाळी जाणं हा आजार नाही, निसर्ग आहे. आपल्या आज्यांनी घेतली का हार्मोन? शतावरी, अळशी, सोयाबीन चालू करा. गोळ्या खपवायचे धंदे आहेत. २००२ साली अमेरिकेत हजारो बायकांवर चाललेला प्रयोग मधेच बंद करावा लागला, कॅन्सर व्हायला लागला म्हणून. गूगल करा.

सांगलीची_डॉक्टर

गायनॅक आहे, २६ वर्षं प्रॅक्टिस. इथे कुणाला औषध लिहून देणार नाही पण वरच्या प्रतिसादाबद्दल लिहायलाच हवं कारण प्रयोग बंद पडला हे खरंय आणि त्यावरून जे काढलं गेलं ते अर्धवट आहे.

त्या अभ्यासाचं नाव विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह. एका भागात १६,६०८ बायका होत्या, गर्भपिशवी असलेल्या. निम्म्यांना रोज इस्ट्रोजेन अधिक मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनची (हे कृत्रिम प्रोजेस्टेरॉन, अशांना प्रोजेस्टिन म्हणतात) गोळी, निम्म्यांना नकली गोळी. साडेआठ वर्षं चालायचा होता, सव्वापाच वर्षांत, जुलै २००२ मध्ये थांबवला. ब्रेस्ट कॅन्सर वाढला होता, शिवाय हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि रक्ताच्या गुठळ्यापण. मांडीचं हाड मोडणं आणि आतड्याचा कॅन्सर कमी झाला होता, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आता दोन गोष्टी. एक, त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या. रात्री फ्रीजसमोर उभी राहणारी ४९ वर्षांची बाई त्या अभ्यासात जवळजवळ नव्हतीच, ५०च्या खालच्यांना घेतलंच नव्हतं. तो अभ्यास वाफा कमी होतात का हे बघायला नव्हता, ते आधीच माहीत होतं. म्हाताऱ्या बायकांना हार्मोन दिले तर हृदयविकार टळतो का हे बघायचं होतं. टळला नाही.

दोन, त्याच अभ्यासाचा दुसरा भाग होता ज्याबद्दल कुणी बोलत नाही. १०,७३९ बायका, सगळ्यांची पिशवी आधीच काढलेली, त्यांना फक्त इस्ट्रोजेन. तो २००४ मध्ये थांबवला, स्ट्रोक वाढला म्हणून. पण ब्रेस्ट कॅन्सर? कमी झाला. वाढला नाही, कमी. २०२० मध्ये वीस वर्षांचा हिशेब आला तेव्हाही कमीच होता, आणि ब्रेस्ट कॅन्सरने होणारे मृत्यूसुद्धा कमी. आम्हाला कॉलेजात जे शिकवलं होतं त्याच्या उलट. आणि हो, ते इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या मुतातून काढलेलं असतं, नावातच आहे ते, प्रेग्नंट मेअर्स युरिन म्हणून प्रेमॅरिन. तुमचं जेल ते नाही, त्यातलं इस्ट्राडायोल आपल्या ओव्हरीत बनतं तेच.

दुपारची_झोप

घोडीच्या??? आता जेवण जाणार नाही :)

डॉक्टर, मग इस्ट्रोजेनने कॅन्सर कमी होतो तर ती दुसरी गोळी देताच कशाला?

सांगलीची_डॉक्टर

चांगला प्रश्न. पिशवीसाठी. नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर पिशवीचं अस्तर जाड होत जातं आणि तिथे कॅन्सर होऊ शकतो. अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकात सर्रास नुसतं इस्ट्रोजेन द्यायचे, १९७५ मध्ये हे उघडकीला आलं आणि मग प्रोजेस्टिन जोडलं, त्याने अस्तर आटोक्यात राहतं. पण पिशवीला वाचवायला घातलेलं तेच औषध स्तनाला नडतं. सगळा घोळ इथे आहे. म्हणून "हार्मोनने कॅन्सर होतो का" या प्रश्नाला उत्तरच नाही, कुठलं हार्मोन, पिशवी आहे का, किती वर्षं, हे विचारल्याशिवाय.

भूमिती

मी गणित शिकवते, नववी-दहावी. डॉक्टरांनी आकडा दिला नाही म्हणून मी देते, कारण २००२ ची जी हेडलाईन झाली ती होती "२६ टक्क्यांनी धोका वाढला". कुठलाही नॉर्मल माणूस हे ऐकून काय समजेल? की शंभरातल्या २६ जणींना होणार. माझ्या स्टाफरूममध्ये विचारलं, पाच जणींपैकी चार जणी तेच म्हणाल्या, त्यात एक गणिताचीच.

प्रत्यक्षात असं: नकली गोळी घेणाऱ्या १०,००० बायकांमागे वर्षाला ३० जणींना ब्रेस्ट कॅन्सर झाला. खरी घेणाऱ्या १०,००० मागे ३८. म्हणजे आठ जास्त. ३० वर ८ म्हणजे साधारण सव्वीस टक्के. आकडा खोटा नाही, पण तळाशी ३० आहे हे सांगितलं नाही की माणूस घाबरणारच. दुकानदार "२६% सूट" लिहितो आणि किंमत लिहीत नाही, तसं.

चाफा_दारचा

भूमिती ताई, मी रोज आकड्यांत असते आणि मीपण शंभरातल्या २६ असंच समजले होते. लाज वाटली.

पण ते वर्षाला आठ ना? मी पाच वर्षं घेतली तर?

लेस्टरकर

मी यूकेत नर्स, ९ वर्षं जीपी प्रॅक्टिसला (फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात) आहे, मेनोपॉजच्या बायका रोज येतात (गुजराती जास्त, मराठी चारपाच). इथे जो तक्ता दाखवतो तो लिहिते. ५० ते ५९ वयाच्या १००० बायका घ्या, पाच वर्षं. काही न घेता त्यातल्या २३ जणींना ब्रेस्ट कॅन्सर होतो. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन दोन्ही घेतलं तर ४ जास्त. नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर ४ कमी. रोज दोन युनिट किंवा जास्त दारू घेतली तर ५ जास्त. आणि लठ्ठपणा असेल तर २४ जास्त. चोवीस. आठवड्याला अडीच तास व्यायाम केला तर ७ कमी.

हा तक्ता दाखवला की बायका आधी गप्प होतात आणि मग पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून बाजूला ठेवतात, खरंच झालंय.

हे आकडे इथल्या बायकांचे आहेत हं. भारतात मुळातच ब्रेस्ट कॅन्सरचं प्रमाण इथल्यापेक्षा बरंच कमी आहे, त्यामुळे तो २३ तुमच्याकडे तसाच लागू होत नाही.

बायकोचा_ड्रायव्हर

पुरुष आयडी, बायकोसाठी वाचतोय. लठ्ठपणाचा हार्मोनशी काय संबंध?

सांगलीची_डॉक्टर

पाळी गेल्यावर ओव्हरी बंद, पण चरबी इस्ट्रोजेन बनवते. तिथे एक एन्झाईम असतं, अरोमाटेज, ते दुसऱ्या हार्मोनचं इस्ट्रोजेन करतं. म्हणजे जी बाई म्हणते मी हार्मोन घेणार नाही बाबा, तिच्या कमरेवर एक छोटा कारखाना चालू असू शकतो, आणि त्याचा डोस कुणी ठरवलेला नसतो. आणि बायकोसाठी वाचताय हे छान, असे नवरे ओपीडीत फार दिसत नाहीत.

वैद्य_नसलेला

म्हणजे सगळं ऑल वेल? प्रेमॅरिनवाल्या कंपनीने डॉक्टरांच्या नावाने लेख लिहून घेतले होते, हार्मोन किती चांगलं हे सांगणारे, २००९ मध्ये कोर्टातून ती कागदपत्रं बाहेर आली. हे पण लिहा की.

सांगलीची_डॉक्टर

लिहिते ना. खरं आहे ते. भाड्याच्या लेखकांनी लिहायचं आणि प्रोफेसरांनी वर नाव लावायचं. आमच्या पेशाची लाज आहे ती. आणि २००२ नंतर अमेरिकेत बायकांनी धडाधड गोळ्या सोडल्या तेव्हा २००३ मध्ये तिथलं ब्रेस्ट कॅन्सरचं प्रमाण साडेसहा टक्क्यांच्या आसपास खाली आलं, हेही खरंय. त्यामुळे "काहीच होत नाही" म्हणणारा डॉक्टरही चूक.

लेस्टरकर

+१. इकडे हल्ली लाट उलटी आहे, हार्मोन म्हणजे अमृत, २०२२ मध्ये तर जेलचा तुटवडा झाला, बायका एकमेकींना कार पार्कमध्ये अर्धी ट्यूब देत होत्या. आणि गेल्या नोव्हेंबरात, २०२५, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) या औषधांवरची ती काळ्या चौकटीतली ब्रेस्ट कॅन्सर-हार्टची सूचना काढायचं जाहीर केलं तर लगेच व्हॉट्सॲपवर "कॅन्सर होत नाही हे सिद्ध झालं". अहो चौकट काढली, धोका नाही काढला.

२०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात मोठा हिशेब आला, ५८ अभ्यास एकत्र करून, एक लाखाच्या वर ब्रेस्ट कॅन्सरच्या बायका. त्यात असं निघालं की पन्नाशीला सुरू करून पाच वर्षं रोज दोन्ही हार्मोन घेतली तर पुढच्या वीस वर्षांत साधारण ५० जणींमागे एक केस जास्त. प्रोजेस्टिन महिन्यातले काहीच दिवस घेतलं तर ७० मागे एक. नुसतं इस्ट्रोजेन, २०० मागे एक. हो इथे नुसत्या इस्ट्रोजेननेपण थोडा वाढलेला दिसतो, वरच्या प्रयोगाच्या उलट, आणि यावर तज्ज्ञ अजून भांडतायत. आणि थांबवल्यावर धोका एकदम शून्य होत नाही, घेतलेली वर्षं जितकी जास्त तितका रेंगाळतो.

५० मागे एक. मला हा आकडा लहान वाटत नाही. पण ज्या बाईला चार वर्षं झोप नाही तिला तो परवडू शकतो, ते तिने ठरवायचं, मी नाही.

भूमिती

हे आवडलं. वर मी "घाबरू नका" थाटात लिहिलं होतं, थोडं मागे घेते. वर्षाचा आकडा लहान दिसतो, वीस वर्षांचा मोठा. दोन्ही खरे.

सांगलीची_डॉक्टर

मान्य. फक्त एक, लॅन्सेटच्या हिशेबातल्या बहुतेक बायका जुनी कृत्रिम प्रोजेस्टिन घेणाऱ्या. चाफाताईंच्या कॅप्सूलमध्ये जर मायक्रोनाईज्ड प्रोजेस्टेरॉन, म्हणजे आपल्या शरीरात बनतं तेच, असेल (खोक्यावर बघा) तर फ्रान्समध्ये ८०,००० बायकांचा पाठपुरावा केलाय, त्यात ते घेणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला नाही, कृत्रिम प्रोजेस्टिनवाल्यांत दिसला. पण तो निव्वळ निरीक्षणाचा अभ्यास, कोण काय घेणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, म्हणून मी "सेफ" म्हणणार नाही, "बहुतेक कमी त्रासाचं" म्हणेन.

आणि जेल फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही :)

एक_बाजू

हा धागा दोन दिवस वाचतेय, लिहू का नको करत होते. मला २०२१ मध्ये झाला, डावी बाजू गेली, आयडीवरून कळलं असेल. ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेनवर वाढणारा. आता लेट्रोझोल चालू, इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी, पाच वर्षं. आणि लेट्रोझोलने मला ज्या वाफा येतात त्यापुढे तुमच्या वाफा म्हणजे इडलीचा कुकर. सांधे धरलेत. आणि खालचा कोरडेपणा इतका की नवऱ्याला सांगून टाकलं, आता देवदर्शन फक्त.

माझ्यासारखीने काय करायचं? माझ्या ऑन्कोला (कॅन्सरच्या डॉक्टरांना) विचारलं तर म्हणाले जीव वाचला ना. हो वाचला. पण.

सांगलीची_डॉक्टर

"जीव वाचला ना" हे वाक्य मी कितीदा ऐकलंय पेशंटकडून. सॉरी, आमच्या सगळ्यांच्या वतीने.

तुमच्यासाठी गोळी-जेल-पॅच नाही, हे स्पष्ट लिहिते. स्वीडनमध्ये ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेल्या बायकांना हार्मोन देऊन बघितलं होतं, हॅबिट्स नावाचा प्रयोग, २००३ च्या शेवटी थांबवावा लागला, हार्मोनवाल्या गटात कॅन्सर उलटायला लागला. टिबोलोन नावाची गोळी आपल्याकडे मिळते, "ही वेगळी आहे" म्हणून देतात, तिचापण प्रयोग झाला, तीही उलटवते. कुणी दिली तर घेऊ नका.

वाफांसाठी बिनहार्मोनची औषधं आहेत, वेन्लाफॅक्सिन, गॅबापेन्टिन, ऑक्सिब्युटिनिन. मूळ वेगळ्याच आजाराची औषधं पण वाफांवर उपयोग होतो, सगळ्यांनाच होईल असं नाही. वाचणाऱ्यांत कुणी टॅमॉक्सिफेनवर (ब्रेस्ट कॅन्सरचीच दुसरी गोळी) असेल तर पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन टाळतात, ती टॅमॉक्सिफेनला काम करू देत नाहीत. कोरडेपणासाठी आधी मॉइश्चरायझर, आठवड्यातून दोनतीनदा नियमित, नुसतं त्या वेळी लावायचं जेल नाही. योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम इतरांना बिनधास्त चालतं, रक्तात फार जात नाही, पण लेट्रोझोल चालू असताना ऑन्कोशी बोलल्याशिवाय नको, कारण लेट्रोझोलचं कामच उरलंसुरलं इस्ट्रोजेन शून्यावर आणणं आहे. दुसऱ्या ऑन्कोकडे जा, हे प्रश्न कागदावर लिहून न्या.

एक_बाजू

लिहून घेतलं. डॉक्टर, पाच मिनिटांत तुम्ही जे सांगितलं ते मला चार वर्षांत कुणी नाही सांगितलं. आता रडत नाहीये, डोळ्यांत लेट्रोझोल गेलं.

गोदाकाठ

बीडची आहे, ऊसतोड बायकांत काम करते. हा धागा वाचून हसू आलं आणि मग राग आला, तुमच्यावर नाही.

तुम्ही सगळ्या ठरवताय घेऊ का नको. आमच्याकडे पिशवी काढलेल्या बायका घरटी आहेत. अंगावरून पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून गेली की "पिशवी खराब आहे, काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल". तिथेपण कॅन्सरचीच भीती बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, पाळीत एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, मग बाईच म्हणते काढा. २०१९ मध्ये सरकारने सर्व्हे केला, नीलम गोऱ्हेंची कमिटी होती, ८२,३०९ ऊसतोड बायकांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक तिशी-पस्तिशीतल्या.

माझी चुलत जाऊ, ३४ व्या वर्षी पिशवी काढली. आत्ता ४१. कंबर धरलीये, उसाची मोळी उचलत नाही, रात्री वाफा, चिडचिड. तिला कुणी सांगितलंच नाही की पिशवीबरोबर ओव्हरी पण काढल्यात. मी तिचा डिस्चार्ज कार्ड बघितला, प्लास्टिकच्या पिशवीत, लग्नाच्या पत्रिकेबरोबर ठेवलेला, त्यावर तीन अक्षरं, बी एस ओ. एवढंच. तिला वाटत होतं ते डॉक्टरांचं नाव आहे.

सांगलीची_डॉक्टर

गोदाकाठ, हात थांबला माझा वाचताना.

बी एस ओ म्हणजे दोन्ही ओव्हरी नळ्यांसकट काढल्या. ३४ व्या वर्षी. म्हणजे भूल उतरायच्या आधी मेनोपॉज. आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ आहे, तिचं बारा वर्षं आधी आणलं. तिची कंबर हाडांमुळेही असू शकते, हृदयाचापण धोका वाढतो.

आणि आता पूर्ण धागा परत वाचा. पिशवी नाही म्हणजे प्रोजेस्टेरॉन लागत नाही. नुसतं इस्ट्रोजेन, ज्याने त्या मोठ्या प्रयोगात ब्रेस्ट कॅन्सर कमी झाला होता. आणि तिच्या वयाला ते जास्तीचं नाही, शरीरात असायला हवं होतं तेच परत देणं आहे. दुसरी काही अडचण नसेल तर नैसर्गिक वयापर्यंत तरी द्यावं असंच जगभर सांगतात. म्हणजे जिला सगळ्यात जास्त गरज आणि सगळ्यात कमी धोका, तिला कुणी विचारतच नाही. माझ्याच ओपीडीत अशा बायका कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन जायच्या, मीच द्यायचे, २००२ नंतर आम्ही सगळे घाबरलो होतो. तेव्हा मला वाटायचं मी सांभाळून वागतेय.

तिला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गायनॅककडे न्या, तो कार्ड बरोबर न्या. बीपी बघतील, गुठळीचा इतिहास विचारतील. आणि ज्यांची फक्त पिशवी काढलीय, ओव्हरी ठेवल्यात, त्यांचं वेगळं, त्यांच्या ओव्हरी काम करत असतात, पाळी नसल्यामुळे मेनोपॉज कधी आला ते कळत नाही एवढंच.

गोदाकाठ

नेते. सोमवारी बाजार असतो, मंगळवारी नेते. मॅमोग्राफी करावी लागेल का? आमच्याकडे नाही होत, संभाजीनगरला जावं लागतं, भाडं कोण देणार.

लेस्टरकर

४१ ला, घरात कुणाला नसेल तर मॅमोग्राफीवाचून अडायला नको, पण हाताने तपासणी जरूर करून घ्या. आणि हाताने तपासणं म्हणजे गरिबांची सोय असं समजू नका. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला, दहावी-बारावी शिकलेल्या मुलींना शिकवलं आणि त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं, मशीन नाही. पन्नाशीपुढच्या बायकांत ब्रेस्ट कॅन्सरने मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही पण गाठ लवकर सापडायची.

(भूमिती, हो, हेही टक्केच आहेत, माहितीये.)

भूमिती

मी काही बोललेच नाही :)

दुपारची_झोप

माझा साधा प्रश्न राहिला. सोयाबीन शतावरी खाऊन बघू का आधी? वैद्य_नसलेला दादा गायब झाले.

सांगलीची_डॉक्टर

खा, सोयाबीन वाईट नाही. पण वाफांच्या प्रयोगात नकली गोळीनेसुद्धा बऱ्याच जणींना निम्म्यापर्यंत फरक पडतो, त्यामुळे "माझ्या मावसबहिणीला गुण आला" यावरून काही ठरत नाही. इस्ट्रोजेनने वाफा साधारण तीन चतुर्थांश कमी होतात, त्याच्या जवळपास सोया पोचत नाही. शतावरीच्या नावाने काहीतरी मिसळलेली पावडर मात्र घेऊ नका.

वैद्य_नसलेला

गायब नाही, वाचतोय. बीडचं वाचून गप्प झालो. आमच्या आईची पण काढली होती, ३८ ला. आम्ही तिला चिडकी म्हणायचो.

चाफा_दारचा

परत आले, उशीर झाला, मार्च एंड होता.

तिघींचं ऐकून आधी मावशीला फोन केला. तिने हार्मोन कधी घेतली होती का विचारलं तर म्हणाली, "मी साधी क्रोसिन घेत नव्हते, मला झालाच ना?" मग म्हणाली थांब आणि फाईल काढून रिपोर्ट वाचून दाखवला, एकेक अक्षर सुटं सुटं, आणि घरात आणखी कुणाला नाही, आईला नाही, आजीला नाही, ओव्हरीचा कुणालाच नाही, हे पण तिनेच मोजून सांगितलं. ते गायनॅकला सांगितलं. त्या म्हणाल्या एकट्या मावशीला, ते पण साठीनंतर, एवढ्यावरून माझ्यासाठी दार बंद होत नाही, आईला किंवा बहिणीला कमी वयात असतं तर आधी जीनची टेस्ट करायला सांगितली असती. कॅप्सूल मायक्रोनाईज्डच आहे. दर वर्षी मॅमोग्राफी आणि दर वर्षी "अजून हवंय का" हा प्रश्न, आणि मधेच रक्तस्राव झाला तर लगेच फोन.

मी ५० मागे एक हा आकडा डायरीत लिहिला. बँकेत आमच्या ब्रँचला स्टाफ बारा. चार ब्रँचेसच्या बायका धरल्या तरी पन्नास भरत नाहीत. आणि मग विचार केला की ती एक मी असले तर? त्याला उत्तर नाही. त्या रात्री परत सव्वातीनला उठले, आणि सकाळी सुरू केलं. जाऊबाईंना सांगितलं नाही.

आज पाच आठवडे झाले. वाफा दिवसाला दहाबारा होत्या, आता दोनतीन. सहा दिवसांपासून सलग सहा तास झोपतेय.

दुपारची_झोप

अगं वा!! जेल लावतात कुठे? छातीवर?

चाफा_दारचा

छातीवर नाही गं बाई, तिथे तर नाहीच. दंडाला नाहीतर मांडीला, आणि वाळेपर्यंत कपडा नाही घालायचा, तासभर तरी तिथे दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, विशेषतः लहान मुलांचा. मी सकाळी अंघोळीनंतर मांडीला लावते आणि पाच मिनिटं वाळवत उभी राहते. पंखा हॉलमध्ये, तिथे सासरे पेपर वाचत असतात, म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटून फ्रीज उघडून उभी राहते. काल मुलाने बाहेरून विचारलं, आई, अजून बोलणं संपलं नाही का तुमचं.